विश्लेषण: दिवाळीतला फटाका हौसेचा होता, तो अस्मितेचा कधी झाला?

दिवाळी जवळ आली की समाजमाध्यमांवर दोन प्रकारच्या पोस्ट हमखास फिरू लागतात. ‘फटाके ही आपली हजारो वर्षांची परंपरा आहे, मग बंदी फक्त आमच्याच सणावर का?’ असा सवाल एका बाजूने येतो. ‘फटाक्यांचा आणि दिवाळीचा काही संबंधच नाही, ते चीनमधून आले,’ असं दुसरी बाजू ठासून सांगते. न्यायालयाचा एखादा आदेश आला की दोन्हीकडचा आवाज आणखी चढतो.

इतिहास पाहिला तर दोन्ही दावे अर्धेच खरे आहेत. फटाका दिवाळीत मागाहून आला, पण तो कालपरवा आलेला नाही. आल्यापासून त्याचा अर्थही एकच राहिलेला नाही. तो आधी राजाचा थाट होता, मग घराघरातली हौस झाली आणि गेल्या आठ-दहा वर्षांत अस्मितेची खूण बनला. या शेवटच्या बदलाने वाद वाढला, पण त्यात कामाचे प्रश्न मागे पडले. ‘हरित’ म्हणून विकला जाणारा फटाका खरंच हरित आहे का? तो कोण तपासतं? आणि तो बनवणाऱ्या माणसांचं काय?

आता नेमकी स्थिती काय आहे?

२०२५ च्या दिवाळीआधी दिल्ली आणि परिसरात फटाक्यांवर पूर्ण बंदी होती. दिल्ली सरकारने सवलतीसाठी सर्वोच्च न्यायालयाकडे विनंती केली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने मोजक्या दिवसांसाठी फक्त हरित फटाके विकायला परवानगी दिली. १९ आणि २० ऑक्टोबरला सकाळी ६ ते ७ आणि रात्री ८ ते १० एवढ्याच वेळात ते वाजवायचे होते. प्रत्यक्षात ही वेळ उलटून गेल्यावरही फटाके वाजत राहिल्याच्या बातम्या आल्या.

त्याआधी, सप्टेंबरमध्ये, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांनी सुनावणीत एक मुद्दा मांडला होता. स्वच्छ हवेचा हक्क फक्त दिल्लीकरांना कसा असेल, तो इतर शहरांतल्या लोकांनाही हवा, धोरण करायचं तर ते देशभरासाठी करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

महाराष्ट्रात सरसकट बंदी नाही. मात्र २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने आधी संध्याकाळी ७ ते १० अशी वेळ ठरवून दिली आणि काही दिवसांतच ती ८ ते १० अशी कमी केली. आपण सरसकट बंदी घालणार नाही, पण रोगमुक्त वातावरण हवं की फटाके याची निवड लोकांनीच करायची आहे, अशी भूमिका न्यायालयाने तेव्हा घेतली होती.

फटाक्यांचा उल्लेख शास्त्रात आहे का?

या प्रश्नावर समाजमाध्यमांत एका शब्दाचा दाखला नेहमी दिला जातो: उल्का. आश्विन अमावास्येला हातात उल्का घेऊन पितरांना वाट दाखवावी, असा उल्लेख जुन्या ग्रंथांत आहे. त्यावरून ‘फटाके शास्त्रात सांगितले आहेत’ असा निष्कर्ष काढला जातो. पण इथे उल्का म्हणजे जळती चूड, पलिता किंवा मशाल. बंदुकीची दारू भारतात येण्याच्या कितीतरी आधीची ही प्रथा आहे. दिवाळीत आग आणि उजेड फार जुने आहेत. आवाज आणि बारूद मात्र नंतर आले.

ते कधी आले, याचा शोध एका मराठी संशोधकाने घेतला होता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत प्रदीर्घ काळ अभिरक्षक असलेले परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या काळातल्या भारतीय आतषबाजीच्या इतिहासावर निबंध लिहिला. संस्कृत, मराठी आणि परदेशी प्रवाशांची साधनं तपासून ते या निष्कर्षाला आले की, दिवाळीत दारूकाम उडवण्याची रीत साधारण १४०० नंतर, म्हणजे भारतातल्या युद्धांत बारूद वापरली जाऊ लागल्यानंतर पडली असावी.

म्हणजे ‘हजारो वर्षं’ हा दावा टिकत नाही. पण ‘काहीच संबंध नाही’ हेही खरं नाही. काही शतकं चालत आलेल्या रिवाजाला परंपरा म्हणायला कुणाची हरकत नसावी.

राजाच्या थाटापासून मुलांच्या खिशापर्यंत

आतषबाजीचे सुरुवातीचे उल्लेख दिवाळीचे नाहीतच. १४४३ मध्ये विजयनगरला आलेला इराणी दूत अब्दुर रझाक याने तिथल्या महानवमीच्या उत्सवातल्या आतषबाजीचं वर्णन केलं आहे. संत एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवर’ या सोळाव्या शतकातल्या काव्यात दारूकामाचे प्रकार येतात, ते कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नसोहळ्यात. हवई, चंद्रज्योती, भुईनळे ही खास लग्नाची आणि दरबाराची श्रीमंती होती.

दिवाळीशी जोडलेली एक गोष्ट पेशव्यांच्या बखरीत सापडते आणि गोडे यांनी तिची दखल घेतली आहे. महादजी शिंदे यांनी सवाई माधवराव पेशव्यांना राजस्थानातल्या कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं. तिथे राजा दारूची लंका उभारतो. त्यात रावण, राक्षस, वानर आणि मोठा हनुमान असतो. हनुमानाच्या शेपटीला आग लावली की तो उडतो आणि लंका पेटते. पेशव्यांना ते पाहायची इच्छा झाली आणि पुण्यात पर्वतीच्या परिसरात तसा खेळ करण्यात आला. बखर म्हणजे काटेकोर इतिहास नव्हे, हे लक्षात घ्यायला हवं. तरी एक गोष्ट त्यातून दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीसही दिवाळीतली भव्य आतषबाजी पुण्याला नवलाची होती, ती दुसऱ्या मुलखातून आणली गेली आणि तिचा यजमान राजसत्ता होती.

सामान्य घरात फटाका मुबलक झाला तो विसाव्या शतकात, आणि त्याचं कारण आहे तमिळनाडूतलं शिवकाशी. कोरड्या हवेच्या या भागात शेतीचा भरवसा नव्हता. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला षण्मुग नाडर आणि अय्या नाडर हे दोघे कलकत्त्याला जाऊन काडेपेटी बनवायला शिकले. परत येऊन त्यांनी कारखाने काढले. पुढे १९४० च्या आसपास स्फोटकांसाठी परवान्याची पद्धत आली, बाहेरचा माल अडला आणि फटाक्यांचा उद्योग तिथे रुजला. आज देशातले बहुतांश फटाके शिवकाशी आणि परिसरात बनतात.

लवंगी माळ, टिकल्या, फुलबाज्या, भुईचक्र, झाड, नागगोळी, लक्ष्मी बॉम्ब, सुतळी बॉम्ब हे सगळं चाळीतल्या पोराला परवडू लागलं ते या स्वस्त उत्पादनामुळे. आज अनेकांना ‘लहानपणची दिवाळी’ म्हणून जी आठवते ती या काळातली आहे. म्हणून ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा पुराणं नसतात, स्वतःचं बालपण असतं. फटाक्यांवर टीका करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही आणि मग समोरचा माणूस दुखावला जातो.

विरोधाची कारणंही बदलत गेली

फटाक्यांना विरोध २०१५ नंतर सुरू झाला, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे.

पहिला मोठा आक्षेप बालमजुरीचा होता. शिवकाशीच्या काडेपेटी आणि फटाका उद्योगातल्या मुलांचा प्रश्न एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. १९९६ च्या निकालात न्यायालयाने धोकादायक उद्योगांतल्या बालमजुरांबाबत देशभरासाठी निर्देश दिले.

दुसरा आक्षेप आवाजाचा. फटाका फुटतो त्या जागेपासून चार मीटर अंतरावर आवाज १२५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, असा नियम १९९९ मध्ये झाला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली.

तिसरा आक्षेप भाविकांचा. फटाक्यावर लक्ष्मीचं चित्र छापायचं, मग त्याच्या चिंधड्या उडवायच्या आणि दुसऱ्या दिवशी ते तुकडे पायाखाली तुडवायचे, हा देवतेचा अपमान आहे, असं म्हणत महाराष्ट्रात काही हिंदुत्ववादी संघटनांनीच मोहिमा चालवल्या. म्हणजे एके काळी ‘फटाके वाजवू नका’ हे सांगण्यामागे धर्मभावनाही होती.

महाराष्ट्रात शाळांमधूनही ‘फटाकेमुक्त दिवाळी’चे संकल्प वर्षानुवर्षं झाले. वाचलेल्या पैशांतून पुस्तकं घ्या, असं मुलांना सांगितलं जायचं. त्यावर कुणी धर्मविरोधाचा आरोप केला तरी त्याचं राष्ट्रीय भांडण होत नव्हतं.

मग वळण कुठे आलं?

२०१५ मध्ये दिल्लीतल्या तीन तान्ह्या मुलांच्या वतीने त्यांच्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. अर्जुन गोपाल विरुद्ध भारत सरकार या नावाने ती ओळखली जाते. दिल्लीच्या हवेत या मुलांची फुफ्फुसं नीट वाढणार नाहीत, हा त्यातला युक्तिवाद होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने दिल्ली परिसरातले विक्री परवाने स्थगित केले. सप्टेंबर २०१७ मध्ये ते अंशतः सुरू केले आणि ९ ऑक्टोबर २०१७ रोजी पुन्हा थांबवले. तेव्हा दिवाळी जेमतेम दहा दिवसांवर होती.

हा आदेश ठिणगी ठरला. व्यापाऱ्यांनी माल भरून ठेवला होता. शेतातल्या काडाचा धूर, वाहनं, बांधकामाची धूळ यांवर वर्षभर ढिलाई दिसत असताना सणाच्या तोंडावर फटाक्यांवरच बडगा का, हा सवाल अनेकांना पटला. महाराष्ट्रात तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी राज्यातही बंदीचा विचार बोलून दाखवला. तेव्हा ‘मग काय व्हॉट्सअॅपवर फटाके फोडायचे का?’ अशा आशयाचा टोला राज ठाकरे यांनी लगावला. त्यानंतर फटाका वाजवणं ही केवळ मजा राहिली नाही. काहींसाठी तो आदेशाला दिलेला जवाब झाला, तर काहींसाठी न वाजवणं ही सुजाणपणाची जाहीर पावती झाली.

२३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने पूर्ण बंदी नाकारून मधला मार्ग काढला. कमी प्रदूषण करणारे हरित फटाकेच विकायचे, लांबलचक माळा आणि बेरियमचे क्षार वापरायचे नाहीत, ऑनलाइन विक्री बंद आणि वेळ रात्री ८ ते १०. धर्मस्वातंत्र्याचा हक्क जगण्याच्या हक्काच्या वर नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने हेही सांगितलं की, हे निर्देश फक्त दिल्लीपुरते नाहीत, देशभर लागू आहेत.

याच निकालात नाताळ आणि नववर्षाच्या रात्रीसाठी ११.५५ ते १२.३० अशी अवघ्या ३५ मिनिटांची मर्यादा होती. लग्नांनाही हरित फटाक्यांचीच अट होती. ‘बंदी फक्त आमच्याच सणावर’ म्हणणाऱ्या पोस्टमध्ये हा भाग बहुतेकदा नसतो. पण निवडणुकीचा निकाल, क्रिकेटचा विजय, नेत्याचं आगमन अशा प्रसंगी भररस्त्यात माळा लागतात तेव्हा हे नियम कुणाला आठवत नाहीत, हेही तितकंच खरं आहे. नियम दिवाळीतच दिसतो, म्हणून तो दिवाळीविरुद्ध वाटतो.

पहाटेचा फटाका कुठे गेला?

रात्री ८ ते १० या वेळेत आणखी एक अडचण होती, तिची चर्चा कमी झाली. ही वेळ उत्तर भारतातल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्रीला साजेशी आहे. महाराष्ट्रात नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं की फटाका वाजवायची सवय आहे. कोकणात आणि गोव्यात पायाखाली कारीट फोडतात. गोव्यात तर रात्रभर जागून पहाटे नरकासुराचे पुतळे जाळले जातात आणि त्यात फटाकेही असतात.

तमिळनाडूचा अनुभवही असाच. तिथली दीपावली पहाटेची. तमिळनाडू सरकारने ही अडचण न्यायालयापुढे मांडली आणि एकूण दोन तासांची मर्यादा पाळून वेळ बदलण्याची मुभा मिळवली. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, अशी वाटणी त्या राज्याने केली. ‘आमची प्रथा वेगळी आहे, त्याप्रमाणे वेळ द्या’ असं आकडेवारी आणि रिवाज घेऊन सांगितलं तर मार्ग निघतो, याचं हे उदाहरण आहे.

‘हरित’ म्हणजे किती हरित?

या प्रश्नाची बरीचशी उत्तरं नागपुरात आहेत. हरित फटाक्यांची सूत्रं विकसित करणारी ‘नीरी’ ही संस्था नागपूरची. स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालयही नागपूरलाच.

हरित फटाक्यांत बेरियम वापरत नाहीत, काही प्रकारांत अॅल्युमिनियम कमी करतात, काहींत धूळ खाली बसवण्यासाठी पाण्याची वाफ सोडणारे घटक असतात. त्यामुळे सूक्ष्म कण साधारण ३० टक्क्यांनी कमी होतात, असं ‘नीरी’ सांगते. याचा सरळ अर्थ असा की सुमारे ७० टक्के कण उरतातच. हरित म्हणजे धूरमुक्त नव्हे. नेहमीच्या दुप्पट फटाके वाजवले तर हा फायदा पार संपतो.

अडचण अंमलबजावणीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून सीबीआयने चौकशी केली, तेव्हा काही उत्पादक बंदी असलेले बेरियमचे क्षार वापरत असल्याचं आणि वेष्टनावर घटकांची खोटी माहिती छापत असल्याचं २०२१ मध्ये समोर आलं. खोक्यावर ‘नीरी’चं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. पण रस्त्याकडेच्या स्टॉलवर तो कोड किती जण स्कॅन करतात आणि आतला माल तोच आहे का हे किती वेळा तपासलं जातं, हा खरा प्रश्न आहे.

‘आवाज कमी म्हणजे त्रास कमी’ हा समजही तपासून पाहायला हवा. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसोबत २०१६ मध्ये फटाक्यांच्या धुराची मोजणी केली. ज्या अंतरावर मुलं उभी राहतात, तिथली पीएम २.५ या सूक्ष्म कणांची सर्वाधिक पातळी, दर घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये, अशी होती:

- नागगोळी: ६४,५००
- हजाराची माळ: ३८,५४०
- फुलबाजी: १०,३९०
- भुईचक्र: ९,४९०
- झाड: ४,८६०

भारतात चोवीस तासांच्या सरासरीसाठी ६० ही मर्यादा आहे. अर्थात वरचे आकडे काही मिनिटांचे आणि अगदी जवळचे आहेत, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करता येत नाही. पण सगळ्यात लहान मुलाच्या हातात बिनधोक म्हणून दिली जाणारी, मुळीच आवाज न करणारी नागगोळी या यादीत सर्वांत वर आहे, ही गोष्ट पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

फटाके हे वर्षभराच्या प्रदूषणाचं मुख्य कारण नाहीत. पण दिवाळी येते तेव्हा पाऊस संपलेला असतो, वारा मंदावलेला असतो आणि थंडीमुळे धूर जमिनीलगत अडकून राहतो. एका रात्रीचा हा धूर दमेकरी, वयस्कर आणि लहान मुलांना पुढचे काही दिवस भोगावा लागतो.

बनवणाऱ्यांचं काय?

बंदीच्या चर्चेत शिवकाशीचं नाव रोजगारासाठी येतं, अपघातासाठी कमी. सप्टेंबर २०१२ मध्ये शिवकाशीजवळच्या मुदलीपट्टीत कारखान्यात झालेल्या स्फोटांत सुमारे ४० जणांचा जीव गेला. अशा लहान-मोठ्या दुर्घटना तिथे दरवर्षी होतात. महाराष्ट्रातही धाराशिव जिल्ह्यातलं तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं.

या कामगारांसाठी सगळ्यात वाईट काय असेल, तर दर वर्षी ऐन हंगामात बदलणारा आदेश. पुढच्या वर्षी काय चालेल हेच माहीत नसेल तर सुरक्षित शेड आणि नवी सूत्रं यांवर मालक पैसे घालत नाही. फटाके वाचवा म्हणणारे या सुरक्षेबद्दल बोलत नाहीत आणि फटाके बंद करा म्हणणारे पर्यायी कामाबद्दल.

इतर देशांत काय झालं?

सणाचा अर्थ बदलण्याची उदाहरणं बाहेरही आहेत. ब्रिटनमध्ये ५ नोव्हेंबरची रात्र १६०५ चा संसद उडवण्याचा कट फसला म्हणून साजरी होऊ लागली. त्यात कॅथलिकांविरुद्धचा राग उघड होता आणि त्या दिवशी आभाराची प्रार्थना कायद्याने सक्तीची होती. १८५९ मध्ये तो कायदा रद्द झाला. आज बहुतेकांसाठी ती शेकोटी आणि आतषबाजीची रात्र आहे.

त्याच ब्रिटनमध्ये रात्री ११ नंतर फटाक्यांना मनाई आहे, पण दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत सूट आहे. तिथल्या भारतीयांची दिवाळी त्या देशाच्या नियमांतच नोंदलेली आहे. सूट कधी आणि किती हे आधीपासून ठरलेलं असल्यामुळे दर वर्षी न्यायालयात जावं लागत नाही. चीनमध्ये बीजिंगने १९९३ मध्ये बंदी घातली, लोकांच्या नाराजीनंतर २००५ मध्ये ती सैल केली आणि हवा बिघडल्यावर नंतर पुन्हा कडक केली. फटाके ज्या देशातून जगभर गेले, तिथेही हा प्रश्न सुटलेला नाही.

पुढे काय पाहायचं?

‘फटाके आपले की परके’ या प्रश्नाचं उत्तर इतिहासाने दिलं आहे: ते बाहेरून आले आणि आपले झाले. त्यावरच्या भांडणाने हवा सुधारत नाही आणि सणही वाचत नाही.

पुढच्या आदेशाची बातमी येईल तेव्हा चार गोष्टी पाहता येतील. तो दिवाळीच्या किती आधी आला? महाराष्ट्रातल्या पहाटेच्या रिवाजाचा त्यात विचार आहे का? हरित फटाक्यांचे नमुने कारखान्यात आणि बाजारात कोण, किती वेळा तपासणार? आणि हाच नियम विजयाच्या मिरवणुकीला आणि लग्नाच्या वरातीला लागणार का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर ‘आमच्याच सणावर बंदी का’ या पोस्टमधली हवा आपोआप कमी होईल.